ओळच्या शेजारची पानं

नागपूर,
मंगळवार, दि. ९ जानेवारी २०२४, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे

श्रीमती हर्षावहिनी यांस,
पियुषचा साष्टांग नमस्कार.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी सीताबर्डीच्या दुकानात धर्मेंद्रदादाच्या जुन्या मशीनसमोर बसलो होतो आणि 'ओळ' बांधून होण्याची वाट पाहत होतो. तुम्ही फोन नको म्हणालात. माझ्या आवाजामागे दुकानातला तो कुरकुरणारा पंखा ऐकू येतो, दादाच्या फोनमागे यायचा तसाच, आणि ते तुम्हाला सोसत नाही. म्हणून पत्र.

ओळ म्हणजे दादाने लिहिलेला, मराठी टाइप करायचा एडिटर. तो तुमच्या लॅपटॉपवर चालावा, एवढंच तुम्ही डिसेंबरात मागितलं. ऐकायला हे सोपं वाटतं. पण त्याने लिहिलेला जो मूळ मजकूर आहे, ज्याला सोर्स म्हणतात, तो मशीनला थेट कळत नाही. प्रत्येक जातीच्या मशीनवर तो तिच्या भाषेत नव्याने तयार करावा लागतो. त्याला सगळे बिल्ड म्हणतात, दादा 'बांधणं' म्हणायचा. दुकानातल्या मशीनवर लिनक्स आहे, तुमच्या लॅपटॉपवर विंडोज. म्हणून ठरवलं की ओळ जिथे जन्मली तिथे ती आधी बांधून पाहायची, मग विंडोजकडे वळायचं.

पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला दोनदा नापास झालो तेव्हा दादाने मला इथे आणलं. शुद्धलेखन बरं म्हणून डीटीपीच्या टेबलावर बसवलं. प्रोग्रॅमिंग मी त्याच्या शेजारी बसून आणि इंटरनेटवर पाहून शिकलो. तिथे पहिलाच नियम सांगतात की बांधण्याआधी 'क्लीन' द्यायचं. म्हणजे जुन्या बांधणीचं सगळं पुसून कोऱ्या जागेवर सुरुवात करायची. दादा हे कधी करत नसे, त्यामुळे त्याचा 'तयार' नावाचा फोल्डर फुगला होता. मी आज तो आधी साफ केला, मग बांधलं. चुका शून्य. खरं वाटेना म्हणून आणखी तीनदा बांधलं. चारही वेळा शून्य.

आमचे दुकानमालक वामनराव, त्यांना हे मशीन महिनाअखेर भंगारात काढायचं आहे. म्हणाले, "चार महिने झाले तो गेला त्याले. मशीन नुसतं घोरून राहिलं. जागा अडवते." तोवर माझं काम होईल.

मावशीला नमस्कार. खुशीला आशीर्वाद.

आपला,
पियुष

*

बेलखेडी, ता. नरखेड
१७ जानेवारी

चि. पियुषले अनेक आशीर्वाद.

वरती श्रीमती लिहू नको. वहिनी लिही नुसतं. पाकीट आत्याबाईच्या हाती पडलं, तेवढा एक शब्द वाचला अन् दोन दिवस जेवल्या नाही. तुझी मावशी असली तरी त्याईची आई आहे शेवटी. मी बोलते तसंच लिहून राहिली, तू चुका काढू नको.

चार वेळा बांधलं हे वाचून बरं वाटलं. त्याईनं तुले उगाच शेजारी बसवलं नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगते. डिसेंबरात सगळे बसले होते म्हणून बोलली नाही. मले ओळ पाहिजे ते टाइपिंगसाठी नाही. ते रोज दुकान बंद करायच्या आधी खुशीसाठी एक पान लिहीत. ती काय बोलली, काय खाल्लं, कोणत्या गोष्टीवर रुसली. शनिवारी गावी आले की मले विचारून आठवडाभराचं लिहून नेत. ती चार वर्षांची होती तेव्हापासून. म्हणत, तिले वाचता यायला लागलं की देऊ. मी एकही वाचलं नाही. म्हटलं, मायलेकी सोबतच वाचू. आता ती पहिलीत आहे, जोडाक्षरं अडतात, बाकी वाचते.

ती पानं ओळमध्येच उघडतात, दुसरीकडं नुसत्या आडव्या-उभ्या काड्या दिसतात असं ते म्हणत. मी विचारलं होतं, कुठं ठेवता. तर म्हणाले, कुठं म्हणजे, ओळच्या शेजारीच, 'तयार'मधी. तेवढी पानं पाठव. ओळ नाही झाली तरी चालते, पण पानं सांभाळ. माह्याजवळ त्याईच्या हातचं दुसरं काही नाही. डेंग्यूनं आठ दिवसात नेलं, तेव्हा बोलायचं सुद्धा राहून गेलं.

तुझी,
हर्षावहिनी

*

नागपूर,
गुरुवार, दि. २५ जानेवारी २०२४, दुपारी १ वाजून १० मिनिटे

वहिनींस,
सा. नमस्कार.

पत्र आत्ता मिळालं. जेवणाचा डबा उघडला होता, तो तसाच झाकून लिहितो आहे.

दादाचं मशीन मी बंद करून ठेवलं आहे आणि ते कुणी चालू करू नये म्हणून वायर काढून माझ्या पिशवीत घातली आहे. वामनरावांना सांगितलं की भंगारवाल्याला देऊ नका, मी घेतो. साडेतीन हजारात ठरलं. ते म्हणाले, "पगार आठ हजार अन् शौक पहा."

विंडोजवर ओळ बांधायला वेळ लागेल. तुमचा लॅपटॉप पाठवा.

सहज विचारतो, दादाचा एखादा पेन ड्राइव्ह घरी आहे का? कपाटात, बॅगेत, पॅन्टच्या खिशात? सहजच विचारतो आहे. पण कृपया नीट पाहावं.

पियुष

*

बेलखेडी
८ फेब्रुवारी

पियुष,

शेजारच्या विक्कीसोबत लॅपटॉप पाठवला. तो संत्र्याची गाडी घेऊन कळमन्याच्या बाजारात येतो आहे, दुकानात आणून देईल. पिशवीतली संत्री तुले. आमच्या झाडाची आहेत, वामनरावाले दोन दे, सगळी देऊ नको.

पेन ड्राइव्ह एक सापडला, तो लॅपटॉपच्या बॅगेत टाकला आहे. विक्कीनं लावून पाहिला, त्यात आत्याबाईची भजनं आहेत अन् खुशीच्या बारशाचे फोटो. पण तुले पेन ड्राइव्ह काहून पाहिजे? पानं तर मशीनमधी आहेत ना.

तू क्लीन का काय ते लिहिलं होतं, मी विक्कीले वाचून दाखवलं. तो हसला. म्हणे दादा तर जन्मात काही पुसत नव्हता. खरं आहे. मोबाइलमधी सात वर्षांचे मेसेज होते, लग्नाच्या आधीचेही. मी म्हणायची, जागा भरली, काढा ना. तर म्हणत, जुन्यावर नवं बसते, हर्षा, त्याले काय काढायचं. बांधतानाही तसंच करत असतील.

खुशीनं कॅलेंडरवर मार्चच्या पंधरा तारखेले गोल केला आहे. मीच सांगितलं, तोवर काका पानं पाठवते. पोरीले काही तरी सांगावं लागते. रोज झोपताना विचारते.

तुझी,
वहिनी

*

नागपूर,
सोमवार, दि. २६ फेब्रुवारी २०२४, सायंकाळी ५ वाजून २० मिनिटे

वहिनींस,
सा. नमस्कार.

लॅपटॉपवर ओळ चालू झाली. अकरा वेळा बांधावं लागलं. क्रमाने लिहितो. पहिल्या पाच वेळा ओळला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार भाग, विंडोजवर नव्हती. ती वेगळी आणून आधी तीच बांधावी लागली. सहाव्या आणि सातव्या वेळी फोल्डरचं नाव मराठीत असल्यामुळे विंडोजवर तो सापडेना, म्हणून दादाच्या सोर्समध्ये मी चार ओळी बदलल्या. त्या ओळींपुढे माझं नाव आणि तारीख घातली आहे, म्हणजे कोणती दादाची आणि कोणती माझी हे कळेल. आठ ते दहा वेळा बांधून झाली, पण उघडली की बंद पडायची. अकराव्या वेळी उघडली. मी 'अ' टाइप केला. 'अ' उमटला.

पानांबद्दल. ती जुन्या मशीनच्या पद्धतीने साठवलेली असल्यामुळे विंडोजच्या बांधणीत उघडत नाहीत. मॅक नावाच्या तिसऱ्या जातीच्या मशीनवर ओळ बांधून पाहणार आहे, कदाचित तिथे उघडतील. सदरला एका ऑफिसात तसं मशीन आहे. तोपर्यंत खुशीला थांबायला सांगावं.

लॅपटॉप विक्कीसोबत परत पाठवतो. पेन ड्राइव्हही त्यात आहे. तो मी सहा वेळा तपासला.

पियुष

*

बेलखेडी
१५ मार्च

पियुष,

आज खुशीच्या गोलाची तारीख. शाळेतून आली, हातपाय धुतले, वेणी घालून घेतली, अन् लॅपटॉपसमोर बसली. ओळ तिले उघडता येते आता. पांढरी खिडकी उघडते, त्यात ती काडी उघडझाप करते ना, तिकडं पाहत बसली. म्हणे, "आई वं, बाबा टाइप करून राहिले का? काडी हलते." मी म्हटलं, नाही बाई, ते तसंच असते. म्हणे, "मंग पान कवा येते?"

आत्याबाई ओसरीवरून बोलल्या, "तुया नवऱ्यानं मशीन केलं का देव्हारा केला वं? पोरगी रोज पुढं बसते अन् देव काही पावत नाही." हसवायले बोलल्या, पण मंग पदर तोंडाले लावला.

मॅक झालं का? मले तिन्ही जातीचं काही समजत नाही. दुकानातल्या जुन्या मशीनवर तर पानं उघडत असतील. तिथंच उघड अन् प्रिंट काढ. तुमचं दुकानच प्रिंटचं आहे. सगळी नको, एक काढ. कोणतंही. पोस्टानं पाठव.

हे मले तुझ्या शेवटच्या पत्रानंतर चार दिवसांनी सुचलं. तुले दीड महिन्यात सुचलं नाही, याचं नवल वाटते.

वहिनी

*

नागपूर,
मंगळवार, दि. २ एप्रिल २०२४, सकाळी ८ वाजून ५ मिनिटे

वहिनींस,

दुकान उघडायचं आहे. मी बाहेरच्या पायरीवर बसून लिहितो आहे.

पानं नाहीत. ९ जानेवारीला मी क्लीन दिलं तेव्हा ती गेली. दादाने 'तयार' हा फोल्डर ठेवला होता, ओळ बांधली की त्यात येऊन बसायची, आणि ओळमध्ये लिहिलेलं काहीही तिच्या शेजारीच साठायचं. क्लीन दिलं की तो फोल्डर सबंध पुसला जातो. दादाला हे माहीत होतं म्हणून तो क्लीन देत नसे. मला माहीत नव्हतं, आणि मी फोल्डर उघडून पाहिला नाही. फुगलेला आहे एवढंच पाहिलं आणि कचरा समजलो. कचरापेटीतही जात नाही ते, थेट पुसलं जातं. तुम्हाला मी ते पहिल्याच पत्रात अभिमानाने लिहिलं होतं.

तुमचं पत्र आलं त्या दुपारी कळलं. त्यानंतर मी तुम्हाला जे लिहिलं त्यातलं विंडोजच्या अकरा बांधण्यांचं खरं आहे. पानं उघडत नाहीत हे खोटं आहे. उघडायला ती नव्हतीच.

मशीन मी विकत घेतलं ते डिस्क वाचावी म्हणून. सीताबर्डीत देवराव म्हणून आहेत, गेलेला डेटा परत काढून देतात. त्यांच्याकडे सहा आठवडे डिस्क होती. परवा त्यांनी बोलावलं. मी स्टुलावर बसलो तर म्हणाले, "क्लीन मारला ते ठीक. पाटी पुसली, तरी खडूची खूण राहते बावा. पण वरून चार खेपा बांधला काहून? तू तर पाटीले रंग मारला." मी म्हणालो, चुका शून्य आल्या म्हणून. मग त्यांनी पाणी दिलं.

त्यांना फक्त फाइलींची नावं मिळाली. दादा तारखेचंच नाव द्यायचा. सहाशे एकेचाळीस तारखा आहेत. आत काही नाही.

सदरला मी तरीही गेलो. करिष्माताई म्हणून आहेत, त्यांनी दोन दिवस दुपारी त्यांचा मॅक वापरू दिला. का गेलो ते सांगता येणार नाही. तुम्हाला मॅक लिहिला होता, तो तरी खोटा ठरू नये असं वाटलं. तिथे ओळ पहिल्याच झटक्यात बांधून झाली. करिष्माताई मागे उभ्या होत्या. "छान दिसते रे, कोणी केली?" म्हणाल्या. मी म्हणालो, माझ्या भावाने. तिन्ही जातींच्या मशीनवर आता दादाची ओळ चालते. त्याला हे पाहायचं होतं.

आणखी एक लिहायलाच हवं. तुम्ही एक पान मागितलंत तेव्हा मी एक लिहायला बसलो. दादासारखं. "आज खुशी" एवढं टाइप केलं आणि पुढे ती काय करत असेल ते मला येईना. मी दोन वर्षं त्याच्या शेजारी बसलो आणि मला एकही गोष्ट येईना. ते पुसलं.

माफी मागत नाही. मागण्यासारखं नाही.

पियुष

*

बेलखेडी
२१ एप्रिल

पियुष,

तीन आठवडे पत्र लिहिलं नाही. एक लिहिलं होतं, ते चुलीत टाकलं.

क्लीन दिलं त्याचा मले राग नाही असं लिहिणार होती, पण राग आहे. मंग म्हटलं खरं तेच लिहावं. अन् महिनाभर तू माह्या पोरीले त्या काडीपुढं बसवलं, त्याचा जास्त आहे. मी तिले रोज सांगत होती. तुया भरवशावर सांगत होती. ते खोटं तू माह्या तोंडून बोललास.

आत्याबाईले सांगितलं. त्या म्हणाल्या, पोरानं मुद्दाम केलं का? मी म्हटलं, नाही. भाचा आहेस तू, त्या दुसरं काय म्हणतील.

खुशीले मी सांगणार नाही. तू येजो अन् तूच सांगजो. फोनवर नाही, पत्रात नाही. तिच्यासमोर बसून. तारखांचा कागद आहे म्हणतोस, तो आणजो.

अन् एक. ते कधी कधी म्हणत, आज पियुषकडून पान तपासून घेतलं, लय चुका निघाल्या. म्हणजे तू पानं पाहिली आहेत. जे आठवते ते लिहून दे. मले.

हर्षा

*

नागपूर,
सोमवार, दि. ६ मे २०२४, सकाळी ७ वाजून १५ मिनिटे

वहिनींस,
सा. नमस्कार.

काल संध्याकाळच्या एस.टी.ने परत आलो. रात्री झोप लागली नाही, पण लिहायला उजाडेपर्यंत थांबलो.

तुम्ही विहिरीकडे निघून गेलात, त्यामुळे काय बोलणं झालं ते तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला माहीत असायला हवं म्हणून लिहितो.

मी सांगितलं की बाबांनी तुझ्यासाठी खूप पानं लिहिली होती, आणि ती काकाच्या चुकीमुळे पुसली गेली, आता येणार नाहीत. ती म्हणाली, "काका, तू रबरानं पुसली?" मी म्हणालो, तसंच काहीसं. म्हणाली, "काहून?" मी म्हणालो, मला वाटलं ते नको असलेलं आहे. ती बराच वेळ चटईची काडी ओढत होती.

मग मी तारखांचा कागद दाखवला. एकोणीस पानं झाली आहेत. तिने बोट ठेवत ठेवत दोन पानं वाचली. जोडाक्षर आलं की थांबायची, मी सांगत नव्हतो, ती आपणच सोडवायची. मग विचारलं, "यायच्यात मी होती?" म्हणालो, हो, सगळ्यांत तूच होतीस. "सगळ्याईत?" सगळ्यांत. तर म्हणाली, "मंग मी कुठं गेली?"

मावशी आतून आल्या आणि तिला उचलून घेऊन गेल्या. एवढंच बोलणं झालं.

आता तुम्ही मागितलेलं. दादा कधी कधी पडदा माझ्याकडे वळवायचा आणि म्हणायचा, "पहा गा मास्तर." मला आठवतं त्याप्रमाणे असं नऊ वेळा झालं. मी नऊ पानं पाहिली. मजकूर आठवत नाही. तुमचं पत्र आल्यापासून रोज आठवून पाहिला. मला शब्द तपासायला सांगितलं होतं, मी चुकलेला शब्द तेवढा पाहिला, त्याच्या मागचं-पुढचं वाचलं नाही. दुरुस्त केलेले शब्द मात्र सगळे आठवतात. ते असे:

कुंची. गुडघा. भुईमूग. इंजेक्शन. निळी. तिसऱ्यांदा. शेवंतीचं. उशीर. पुन्हा.

'निळी'च्या पुढे कोणती तरी वस्तू होती. 'तिसऱ्यांदा' असलेल्या पानावर दादा टाइप करताना हसत होता, मी म्हणालो, काय झालं, तर म्हणाला, घरी येशील तेव्हा सांगतो. 'उशीर' हे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातलं आहे, म्हणजे बहुतेक शेवटून तिसरं किंवा चौथं पान. 'पुन्हा'च्या मागे 'तिने' होतं, हे नक्की.

यातला एखादा शब्द पाहून तुम्हाला काही आठवलं तर ते खुशीला सांगावं. मला कळवायची गरज नाही.

ओळचा सोर्स, तिन्ही मशीनच्या बांधण्यांसह, वेगळ्या डिस्कवर घालून काल तुमच्या कपाटात ठेवला आहे. तो तिचा आहे. सोर्समधली 'क्लीन'ची ओळ मी काढून टाकली आहे आणि तिथे माझं नाव व तारीख घातली आहे.

मी निघताना तुम्ही विचारलंत की या सगळ्यात तुझे किती पैसे गेले. मी तेव्हा सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही दिले असते. आता सांगतो, पण पाठवू नयेत.

खर्च झाला:
जुनं मशीन, ३,५०० पैकी दिले: २,०००
देवराव, ६,००० पैकी दिले: २,०००
वेगळी डिस्क: १,९००
एस.टी., जाऊन-येऊन: २६०
टपाल: ४०
एकूण ६,२०० रुपये.

देणं आहे:
देवराव: ४,०००
वामनराव, पगारातून: १,५००
एकूण ५,५०० रुपये.

हे दिवाळीपर्यंत फिटेल. बाकीचं मांडलेलं नाही.

पियुष